सगळ्यांना पाच-नऊ

१ नोव्हेंबर २०००, अल हैल

ट्रॉपिकल आयलंड म्हणे! सत्तराव्या वर्षी!

मुलाच्या घरी महिनाभर विश्रांतीला म्हणून मस्कतला आलो, आणि तिसऱ्याच दिवशी नॉरबर्टने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मसिरा नावाचं बेट. इथून गाडीने सात-आठ तास, पुढे फेरीबोट. तिथे जाऊन काय करायचं? तर तंबू ठोकायचा, एरियल उभारायची आणि चार दिवस जगभरच्या परक्या माणसांशी रेडिओवर बोलायचं. हॅम रेडिओ! चाळीस वर्षं हेच चाललंय. वसईच्या घराची मागची खोली त्या डब्यांनी आणि तारांनी भरलीय. बेटावरून बोललं की त्याची किंमत जास्त, म्हणे. जगभरचे हॅम अशा बेटाची वाट बघत बसलेले असतात. बसू देत.

मॅक्सवेल म्हणाला, "मम्मी, पप्पांचं किती वर्षांचं स्वप्न आहे ते. तूपण जा ना. चेंज होईल."

मुलगा पहाटे पाचला सोहारच्या फॅक्टरीत जायला निघतो, रात्री आठला येतो. सून जेनेट हॉटेलच्या ऑफिसात. त्यांना वाटतं म्हातारा-म्हातारी चार दिवस गेलेली बरी. मला कळत नाही का?

नॉरबर्टला विचारलं, "बेटावर नारळाची झाडं तरी आहेत का?" तर म्हणाला, "हो, दोन जनरेटर आहेत."

मी बोलते एक, हा उत्तर देतो दुसरंच. बायकोचं ऐकायचं नाही ही तर जुनीच खोड.


२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा जोआनच्या कबरीवर मी नाही.

रखमाबाईला सांगून आलेय — घरकाम करता करता तिची तीस वर्षं आमच्याकडे गेली, तिला जागा माहीत आहे — झेंडूचा हार आणि सहा मेणबत्त्या. एक जास्तीची. वाऱ्याने विझली तर.

पाच वर्षांची होती. घटसर्प. त्या आठवड्यात पूर्वेकडच्या किनाऱ्यावर वादळ झालं होतं, आणि नॉरबर्ट दोन दिवस मागच्या खोलीत कानांना हेडफोन लावून तिथले निरोप इकडे पोचवत होता. अमका जिवंत आहे, तमक्याला औषध हवंय. संध्याकाळी पोरीचा श्वास घरघरायला लागला. मी दारात उभी राहून तीन हाका मारल्या. तीन! त्याने ऐकल्या नाहीत. पोरीला खांद्यावर टाकून मी एकटी बाहेर पडले. टांगा मिळेपर्यंत पाऊण तास गेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

नंतर त्याला सरकारी प्रशस्तिपत्र आलं. संकटकाळी केलेल्या सेवेबद्दल! त्याने ते कपाटात कोंबलं होतं. मी बाहेर काढलं, काच घालून आणली आणि हॉलमध्ये, त्याच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर लावलं. अजून तिथेच आहे.

तीन हाका. आमच्या सगळ्या नात्यागोत्याला माहीत आहे हे.


३ नोव्हेंबर

इथे शुक्रवारी रविवारची मिस्सा! सुट्टी शुक्रवारची, म्हणून देवानेही शुक्रवारीच यायचं. रुवीच्या चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. आमच्या वसईतलीच निम्मी.

कन्फेशनच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे चौघीच उरल्या होत्या. मग पाय दुखताहेत असं जेनेटला सांगून बाहेर आले. पाय दुखत नव्हते.


४ नोव्हेंबर

आज शरमेने मेले.

जेनेट भांडी पुसता पुसता खालच्या आवाजात म्हणाली, "मम्मी, एक सांगू? रागावू नका. मी बोलायला लागले की पप्पा माझ्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणजे... ओठांकडे. मला कसंतरी होतं."

चाळीस वर्षांचा संसार, आणि सुनेने हे सांगावं! मी त्याला खोलीत गाठलं. म्हटलं, "लाज वाटत नाही? सुनेकडे असं बघतात?" हा माझ्याकडे टक लावून. मग म्हणाला, "बरं." बरं काय? मान खाली घालून पुन्हा नकाशात शिरला.

याला एकटं त्या बेटावर पाठवायचं नाही असं मी आता ठरवलंय. मी जाणार.


६ नोव्हेंबर

मोहिमेचे म्होरके येऊन गेले. जैनुद्दीनभाई. रत्नागिरीचे, मत्र्याला कापडाचं दुकान, तीस वर्षं इथे. वय साठीचं. माणूस अदबीचा. बायकोने, खैरुन्निसाने, माझ्यासाठी सांदणं पाठवली होती. त्यांच्याबरोबर पुतण्या ओवेस. इंजिनिअर, छत्तिशीचा, सगळं लॅपटॉपवर. नॉरबर्टचं परवानगीचं कागदपत्र तेच काढून घेऊन आले.

मी म्हटलं, "तुम्ही एवढं बोलता तरी काय हो त्या लोकांशी?"

जैनुद्दीनभाई हसायला लागले. "भाभी, खरं सांगू? काही नाही! त्याने आपली कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं अक्षरं-आकड्यांचं नाव, सांगायची, आपण त्याची ऐकून वहीत लिहायची आणि त्याचा आवाज कसा येतो त्याचा रिपोर्ट द्यायचा. खलास. पुढचा."

रिपोर्टचे आकडे दोन. पहिला पाचपैकी — बोलणं किती कळलं. दुसरा नवापैकी — आवाज किती जोराचा. पाच-नऊ म्हणजे शब्द न शब्द कळला, आवाज खणखणीत.

"आणि आवाज बारीक असेल तर?"

"तरी पाच-नऊ. बेटावर असलो की सगळ्यांना पाच-नऊच देतात. रिवाज आहे."

"म्हणजे धडधडीत खोटं?"

"खोटं नाही हो भाभी. माणूस खूश होतो, काम भराभर होतं. मी तर एकाला म्हटलं, तुम्ही पाच-नऊ, आता कृपा करून नाव सहाव्यांदा सांगा!"

दोघं पोट धरून हसले. नॉरबर्ट त्यांच्या पाठोपाठ हसला. जरा उशिरा.

आणि मोर्सच्या टकटकीत बोलायचं असेल तर आणखी एक नऊ लावतात. पाच-नऊ-नऊ. खोटं बोलायचं तर हात आखडता का घ्या! आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टर इमॅक्युलाताने एकेकाच्या बोटांवर पट्टी मारली असती. तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या मी. ज्याला चार मार्क त्याला चारच दिले.


८ नोव्हेंबर, मसिरा

पाठीचा चुरा झाला. शेवटचे दोन तास नुसती धूळ. फेरीबोट भरतीची वाट बघत किनाऱ्याला उभी, तिच्यात गाड्या, बकऱ्या, डिझेलची पिंपं आणि मी. "कधी निघणार?" "इन्शाल्ला." हे काय उत्तर झालं?

ट्रॉपिकल आयलंड! एक नारळ नाही. एक केळ नाही. काळे खडक, पांढरी वाळू आणि वारा. हिल्फ नावाचं गाव आहे तेवढं, तिथून आम्ही वीस किलोमीटर पुढे, पश्चिमेच्या किनाऱ्यावर. माणूस नाही काणूस नाही. गाढवं मात्र आहेत. मोकाट. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे.

झोपायचे तंबू दोन, रेडिओचा एक. एरियल उभारताना नॉरबर्टकडे बघवत नव्हतं मला. सत्तर वर्षांचा माणूस पोरासारखा दोर ओढत होता.


९ नोव्हेंबर

सकाळपासून आरडाओरडा. पाळ्या लावल्यात. नॉरबर्टची पाळी दुपारी दोन ते पाच. "फाइव्ह नाईन, थँक यू! फाइव्ह नाईन, थँक यू!" तीन तास. घसा बसला तरी चेहरा असा उजळलेला की लग्नाच्या फोटोतला नॉरबर्ट आठवला. मी लगेच नजर काढून घेतली.

ओवेस लॅपटॉपवर टिपतो, नॉरबर्ट वहीत, पेन्सिलीने. वहीत वेळसुद्धा लंडनची लिहायची. आपली हवी तर चार तास मिळवा. इथली वेळ काय वाईट आहे?

टेबलासमोरच्या खांबाला त्याने आपला दाढीचा आरसा टांगलाय. मी म्हटलं, "या वैराणात कोणासाठी रूप बघायचंय?" त्याने आरसा जरासा वळवून ठेवला.

रात्री जैनुद्दीनभाईंनी पापलेट भाजलं. छान झालं होतं. मी तसं म्हटलं नाही.


१० नोव्हेंबर

नीट लिहिते.

सकाळी ओवेस नॉरबर्टची वही घेऊन लॅपटॉपवर बसला होता. थोड्या वेळाने काकांना हाक मारली. मी तंबूच्या मागे कपडे वाळत घालत होते. दोघांनाही माहीत नव्हतं.

"चाचा, ही बघा नॉरबर्ट अंकलची पानं. अशा कॉलसाइन जगात नसतात. ही अक्षरं कुठल्याच देशाची नाहीत. हा माणूस पाच वेळा आलाय, पाच वेगवेगळ्या स्पेलिंगनी. काल दोनशे चौदा नोंदी. मला वाटतं, तीस-चाळीस खऱ्या असतील."

"हळू बोल."

"अंकल ऐकतच नाहीयेत, चाचा. अंदाजाने लिहितात आणि पाच-नऊ देऊन मोकळे. मी मागून दोनदा हाक मारली, वळूनही बघितलं नाही. त्यांना ऐकू येत नाही."

माझ्या हातातला टॉवेल वाऱ्याने गेला. धावत जाऊन आणायला हवा होता. मी उभीच राहिले.

हो, दोन जनरेटर आहेत. बरं. उशिराचं हसू. जेनेटचे ओठ. सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं आणि मी, तीस वर्षं शिकवलेली बाई, मला एकही अक्षर वाचता आलं नव्हतं.


१० नोव्हेंबर, दुपारी

त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. तोंड नीट उघडून, एक एक शब्द सुटा करून विचारलं, "किती दिवस?"

त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "दोन वर्षं. आधी डावा. मग उजवा."

"आणि वसईला? रोज संध्याकाळी मागच्या खोलीत हेडफोन घालून बसायचास ते?"

"काही नाही. बसायचो."

"दोन वर्षं?"

"टेबलावर तुम्ही सगळे बोलता. मला कळत नाही. हेडफोन असले की कोणी काही विचारत नाही."

दोन वर्षं हा माणूस रोज तीन-तीन तास नुसत्या शांततेत बसत होता. आणि मी स्वयंपाकघरातून त्याच्या नावाने बोटं मोडत होते. ती बोटंही त्याला ऐकू गेली नाहीत.

मग म्हणाला, "कोणाला सांगू नकोस, सिसी. ते म्हणतील, याला आधीपासूनच ऐकू येत नव्हतं."

आधीपासूनच. म्हणजे एकोणतीस वर्षांपासून.


११ नोव्हेंबर, सकाळी

जैनुद्दीनभाईंना आधीच कळलं होतं, सांगायचं काय उरलं? मला वाटलं आता रेडिओच्या तंबूत याला मज्जाव होणार. ओवेसचं म्हणणं स्वच्छ होतं. "या नोंदी खोडाव्या लागतील, आंटी. त्या लोकांना वाटतंय त्यांना मसिरा मिळालं." बरोबर आहे. मी त्याच्या जागी असते तर मीही खोडल्या असत्या. म्हणूनच मला त्याचा राग आला.

जैनुद्दीनभाई स्पीकर घेऊन बसले. त्याची जाळी काढली. आवाजाची पट्टी इतकी खाली आणली की मोर्सची टकटक नुसती ढबढब होऊन यायला लागली. मग नॉरबर्टची तीन बोटं धरून आतल्या कागदी पडद्यावर ठेवली.

नॉरबर्टने डोळे मिटले. ओठ हलायला लागले. एकेक अक्षर. मग पेन्सिल उचलली आणि लिहिलं. ओवेस हेडफोनमधून ऐकून लॅपटॉपवर लिहीत होता. दोघांनी ताडून पाहिलं.

तेच! पुढचं. तेच! पुढचं. तेच!

ओवेस म्हणाला, "माशाल्ला, अंकल!" आणि नाक पुसायला बाहेर गेला. धूळ फार आहे इथे.


११ नोव्हेंबर, संध्याकाळी

हे पान फाडून टाकायचं की ठेवायचं ते नंतर ठरवेन.

जैनुद्दीनभाई आणि ओवेस डिझेल आणायला हिल्फला गेले होते. पाच वाजता चहा घेऊन मी रेडिओच्या तंबूत गेले. नॉरबर्ट पाठमोरा. डावी बोटं स्पीकरवर, उजवा हात मोर्सच्या बटनावर. कोणी बोलावत नसावं, हात थांबलेले होते. तंबूचं तोंड समुद्राकडे. बुडता सूर्य सरळ माझ्या चेहऱ्यावर येत होता, डोळे उघडवत नव्हते.

तीच पाठ. मागच्या खोलीतली. तसेच खांदे.

याला ऐकू येत नाही, हे माहीत होतं. म्हणूनच बोलले. रुवीच्या चर्चमध्ये जाळीपलीकडच्या फादरना नाही सांगता आलं, ते या पाठीला सांगितलं. हळू. जेमतेम ओठ हलवून.

म्हटलं, नॉरबर्ट, मी हाका मारल्या नव्हत्या.

एकही नाही. त्या दुपारी आपलं भांडण झालं होतं. जेवायला ये म्हणून मी चारदा आले होते आणि तू हातानेच थांब म्हणालास. मी ठरवलं, आता मरेन पण या माणसाला हाक मारणार नाही. संध्याकाळी पोरगी घरघरायला लागली. तिला घेऊन मी तुझ्या दारावरून गेले. दार उघडं होतं. तुझी पाठ दिसत होती. अंगणात तुझी मोटरसायकल उभी होती. मी थांबले. तोंड उघडलं. आणि मिटलं. मनात म्हटलं, बस, बस तुझ्या डब्यापाशी, मला गरज नाही तुझी. आणि टांगा शोधायला निघाले. पाऊण तास, नॉरबर्ट. तू दहा मिनिटांत पोचवलं असतंस.

दवाखान्यात तू धावत आलास आणि विचारलंस, मला का नाही बोलावलं? तेव्हा माझ्या तोंडून निघालं, तीनदा हाक मारली. एकदा निघालं ते निघालं. नंतर मीही तेच आठवायला लागले. दोन तारखेला या वहीतसुद्धा तेच लिहिलं! वहीला कोण विचारणार होतं?

तू कधी म्हणाला नाहीस की, सिसी, तू हाका मारल्याच नाहीस, मग मी ऐकणार कुठून. तू म्हणालास, माझे कान फुटके.

एवढं बोलून थांबले. नॉरबर्टची पाठ हलली नाही. थोड्या वेळाने कोणीतरी सापडलं असावं — त्याने पेन्सिल उचलली आणि वहीत एक ओळ लिहिली. मी चहा टेबलाच्या कडेला ठेवला आणि बाहेर आले.

परत गेले तेव्हा कप तसाच होता. चहावर साय.


१२ नोव्हेंबर

नॉरबर्ट बोलत नाही. माझ्या हातचा चहा घेत नाही, जैनुद्दीनभाईंकडून घेतो. दोनशे चौदा नोंदी खोडल्या त्याचा घुस्सा. ओवेसवरचा राग माझ्यावर!


१३ नोव्हेंबर

परतीची फेरी. समुद्र खवळलेला. मी कठड्याला धरून उभी, नॉरबर्ट शेजारी. दोन दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"जोआन आज किती वर्षांची असती?"

"चौतीस," मी बोटांनी दाखवलं. तीन. मग चार.

तिचं नाव त्याच्या तोंडून मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. बेटावरच्या वाऱ्याने माणसाला काय काय होतं. तो पलीकडे तोंड करून किती तरी वेळ उभा होता. खांदे हलत होते. फेरी हलत होती म्हणून असेल.


१५ नोव्हेंबर, अल हैल

अझैबाच्या क्लिनिकमध्ये कानाची तपासणी. मॅक्सवेलने रजा काढली. कळल्यावर गाडीत बसून रडला. एवढा बाप्या.

डॉक्टरीण बाई समजूतदार. कागदावर उतरत जाणारी रेघ दाखवली. म्हणाली, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. बायकांचे, मुलांचे.

म्हणजे सगळ्यात आधी मी गेले.

यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. थोडं येईल म्हणे. थोडंच.

जेनेटला रात्री सांगितलं ओठांचं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठून पप्पांसमोर जाऊन बसली आणि मोठं तोंड करून म्हणाली, "पप्पा, अजून भात वाढू?" तो हसला. वेळेवर.


१६ नोव्हेंबर

नॉरबर्ट अचानक म्हणाला, "घरी गेल्यावर हॉलमधली ती फ्रेम काढू."

"का?"

उत्तर नाही. ओठ वाचले नसतील. रेडिओ सुटला, आता प्रशस्तिपत्र कशाला, असं असेल. बरं, काढू. खिळा मात्र घट्ट बसलाय. मीच ठोकला होता.


१८ नोव्हेंबर

इथला राष्ट्रीय दिवस. सगळा रस्ता दिव्यांनी लखलखलेला. मॅक्सवेल आम्हाला गाडीतून फिरवून आणत होता. मागच्या सीटवर नॉरबर्टने माझा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला, मग थोड्या वेळाने परत माझ्या मांडीवर ठेवून दिला. काय ते कळलं नाही. ठेवायचा तर ठेव, नाही तर नको ठेवूस!


२० नोव्हेंबर

जैनुद्दीनभाईंचा फोन. नॉरबर्टच्या मोर्सच्या जेवढ्या नोंदी वाचता आल्या तेवढ्या सगळ्या खऱ्या निघाल्या. एकशे शेहेचाळीस! पण शेवटच्या पानांवरचं पेन्सिलीचं अक्षर लागत नाही. "भाभी, तुमचं कॉन्व्हेंटचं अक्षर. शेवटची पानं तेवढी स्वच्छ उतरून द्याल का?"

वही त्यांनी लगेच पाठवून दिली. टेबलावर पडलीय. उद्या-परवा बसेन.


२२ नोव्हेंबर

आज सेंट सिसिलियाचा सण. माझ्या नावाचा. सकाळपासून उतरून काढतेय.

११ तारखेचं पान. वेळ १३:१०. चार मिळवले — पाच दहा. चहाची वेळ.

वरच्या ओळीला ५-९-९. खालच्या ओळीला ५-९-९. मधल्या ओळीत कॉलसाइनच्या जागी लिहिलंय, सिसिलिया. रिपोर्ट, ५-१.

आवाज जवळजवळ नाही. शब्द न शब्द कळला.

आरसा! समोरच्या खांबाला आरसा होता, आणि ऊन माझ्या तोंडावर.

अकरा दिवस झाले. नॉरबर्ट बाल्कनीत बसलाय, दाराकडे पाठ करून. मी आता वही मिटून त्या दारात जाऊन उभी राहणार आहे. त्याला ऐकू येवो न येवो, हाक मारणार आहे.

तीनदा.